बसमधला पेरू

मेट्रोत शेजारच्या बाईंनी पिशवीचं तोंड सैल केलं आणि डब्यात पिकल्या पेरूंचा वास पसरला. त्या वासाने माझं डोकं अजूनही फिरतं.

तेव्हा मी नववीत होते, धाकटी मंजू पाचवीत. शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे बाबा आम्हाला खडकीहून कोथरूडला मावशीकडे नेत होते. मोकळ्या रस्त्यावर बस एकसारख्या वेगाने चालली होती. बाबांनी पिशवीतला एक पेरू सरळ वर उडवला. तो बरोबर त्यांच्या तळहातावर परत आला.

"बस तर पुढे चालली आहे, मग पेरू मागे का नाही पडला?"

"जडत्वामुळे," मी लगेच म्हणाले. उत्तर बरोबर होतं. आजही बरोबरच आहे.

"पेरूला कुठे माहितेय बस चाललीये ते?" मंजू म्हणाली. "तोही आपल्यासारखा आतच बसलाय."

बाबा असे हसले की कंडक्टरने वळून पाहिलं. पेरू मंजूला मिळाला. ती तो कचाकचा खात राहिली आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. मावशीकडे जेवताना बाबांनी मंजूचं वाक्य दोनदा सांगितलं. माझं उत्तर कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

मेट्रोतून उतरल्यावर मी मंजूला फोन लावला. "तो बसमधला पेरू आठवतो का गं?"

"कसला पेरू?" ती म्हणाली. "मला एवढंच आठवतं, खिडकी कायम तुझी. मला बाहेरचं काही दिसायचंच नाही. बस चाललीये की थांबलीये, तेसुद्धा कळायचं नाही."

म्हणजे त्या पेरूत अर्धा वाटा माझा होता.