भरतीच्या वेळचं पाणी

खाडीचं पाणी तपासायला काल दोन साहेब आले होते. धक्क्यावर उभं राहून त्यांनी दोरीला बांधलेली बाटली खाली सोडली, भरून वर घेतली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यासोबत फोटो काढला. बारशाला बाळालासुद्धा कोणी इतकं जपून धरत नाही. वेळ भरतीची होती, त्यामुळे खाडी निर्मळ दिसत होती.

शेजारी पार्वतीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. याच खाडीच्या चिखलातून त्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचतात.

"सायेब, ओहोटीला या की," त्या म्हणाल्या. "तवा नाल्याचं कालं पानी दिसंल."

"मावशी, चिखलात बूट खराब होतात."

"मग काढा बूट. मी काय बूट घालून उतरते?"

सगळे हसले. मीही हसलो. मी साहेबांना ओहोटीपर्यंत थांबवायला हवं होतं. शिकलेल्या माणसाचं कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. आपण पाण्याची चौकशी करतो तीही त्याची तब्येत बरी असेल तेव्हा. शिंपल्याला अशी वेळ निवडता येत नाही. येईल ते पाणी तो पितो.

साहेब गेल्यावर मी नेहमीसारखा तिसऱ्यांचा एक वाटा मागितला. बाईंनी टोपलीवर फडकं ओढलं.

"तुमाला नको, भाऊ. आमी पन घरात खात नाय आता."

"मग या टोपलीतल्या?"

"बाजारात. दुसरं काय इकू?"

त्या उठल्या. टोपली डोक्यावर चढवायला मी हात लावला.