पडद्यावर न आलेला निळा

दोस्तहो, आज दुपारी लातूरला माझा आणि बाबांचा कार्यक्रम झाला. ते मनाला येईल तसा तबला वाजवतात आणि त्या आवाजावर माझ्या लॅपटॉपमधून पडद्यावर रंग उमटतात. उजव्या हाताचा पिवळा, डाव्या हाताच्या डग्ग्याचा निळा.

अर्धांगवायूनंतर बाबा पहिल्यांदाच वाजवायला बसले होते. "डावा हात लई सुधारलाय," म्हणत होते. पण डग्गा घुमलाच नाही. पडद्यावर शेवटपर्यंत नुसता पिवळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नांदेडला परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "बाई, तुझा निळा बिघडला होता का गं?"

"हाव बाबा, लॅपटॉपच बिघडला होता."

"मग नीट करून घे," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून रडले.

मी खोटं बोलले. तुम्ही काय सांगितलं असतं?