रोगी शून्य, मृत्यू दोन

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात मी लागले तेव्हा मला नुकतं विसावं सरलं होतं. नोकरी तीन महिन्यांची, तीही तापाची साथ आली म्हणून. वर्तमानपत्रात 'इन्फ्लुएंझा' छापून येई, शहरात नुसतं 'बुखार' म्हणत. जगभर फिरून तो आमच्या उज्जैनला पोचला होता. गिरण्यांतले माग थांबले, शाळा बंद झाल्या आणि सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा लागल्या.

नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेरीतल्या छापील कागदांवर अजून मध्यभारताचंच नाव होतं. आम्ही त्यावर रेघ मारून वर हातानं 'मध्यप्रदेश' लिहायचो. पूर्वी अहवाल उन्हाळ्यात इंदूरला नि हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायचे, आता सगळं भोपाळला. तिथं कोणाच्या नावानं पाठवायचं हे आठवड्याला बदलायचं. पण अहवाल रोज पाठवायचाच होता, आणि तो तयार करणं हे माझं काम होतं.

गणितात मला गती होती, म्हणून डॉक्टरसाहेबांनी मला घेतलं. ते आरोग्य अधिकारी, माळव्यातलेच, निवृत्तीला आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन रजिस्टरं दाखवली. एकात दर मोहल्ल्यात किती नवे आजारी, दुसऱ्यात इस्पितळात किती भरती, तिसऱ्यात किती गेले. मोहल्ल्याचे आकडे टीकेवाले आणायचे. देवीची लस टोचत घरोघर फिरणारी ही माणसं साथीच्या दिवसांत आजारी मोजत होती. रविवार सोडला तर रोज सकाळी प्रत्येकाची एक चिठ्ठी यायची आणि आमचे हेडक्लार्क, बडेबाबू, ती रजिस्टरात उतरवायचे.

"बस जोड़ लगाना है, बाईसाब," डॉक्टरसाहेब म्हणाले.

मी चार दिवस नुसती बेरीज केली. पाचव्या दिवशी मला राहवेना. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्याकडून मोठा चौकटीचा कागद आणि रंगीत शाया आणल्या आणि कचेरीच्या भिंतीवर साथीच्या पहिल्या दिवसापासूनच्या आकड्यांच्या तीन रेघा काढायला घेतल्या. आजाऱ्यांची निळी, भरतीची लाल, मृत्यूंची काळी.

रेघा आधी नुसत्याच वरखाली उड्या मारत होत्या. मग लक्षात आलं की दर सोमवारी निळी रेघ उंच जाते, कारण रविवारी टीकेवाल्यांना सुटी असते आणि दोन दिवसांचे आजारी एकदम मोजले जातात. मी सात-सात दिवसांची बेरीज धरून रेघ पुन्हा काढली आणि काय सांगू, ती एकदम नीट झाली! डोंगराच्या चढासारखी. तिच्यामागून काही दिवसांनी लाल चढत होती आणि लालच्या मागून काळी. आज गिरणीत जो माणूस गैरहजर राहिला, तो इस्पितळात कधी पोचणार, हे मला भिंतीवर दिसत होतं. मी अक्षरशः पळत जाऊन डॉक्टरसाहेबांना बोलावून आणलं. ते चष्मा पुसून पाहत राहिले.

"अरे, ये तो बोल रहा है," ते हळूच म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी मी भाकरी करता करता हे सगळं आईला सांगत होते. आवाज चढला असेल माझा. आई म्हणाली, "माणसं मरतायत आणि तुझ्या चेहऱ्यावर दिवाळी काय गं?" मला फार शरम वाटली. पण खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाताना पाय पुन्हा तसेच पळत होते.

दादांना ही नोकरी पसंत नव्हती. मृत्यूंचे आकडे स्मशानातून आणि कब्रस्तानातून येत, आणि मुलीनं रोज सकाळी मेलेल्यांची यादी वाचावी हे त्यांना अभद्र वाटे. मी परतले की ते आधी हातपाय धुवायला लावत.

आषाढ लागला तरी पावसानं ओढ दिली होती. अशात निळी रेघ वाकली. सलग तीन दिवस खाली. कचेरीत सगळ्यांचे चेहरे खुलले. रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेत तात्पुरता वॉर्ड उघडला होता, तो आता बंद करावा अशी वरून कुजबुज सुरू झाली. इस्पितळाला नर्सा परत हव्या होत्या, धर्मशाळेला यात्रेकरूंसाठी खोल्या हव्या होत्या. निर्णयासाठी दुपारी चार वाजता बैठक ठरली. साहेबलोक येणार होते. डॉक्टरसाहेब सकाळपासून त्यांच्याच मागे धावत होते.

मला आकडे मोहल्लावार लिहून द्यायचे होते. अकराच्या सुमाराला मी भैरवगढच्या ओळीवर आले आणि थांबले. नवे आजारी: शून्य. मृत्यू: दोन.

आजारी कोणीच नाही, मग मेलं कोण?

मागची पानं उलटली. तीन दिवस भैरवगढला शून्य. त्याआधी तर सगळ्यात जास्त आजारी तिथलेच होते. ही शून्यं गोल, टपोरी होती. हे अक्षर भैरवगढच्या टीकेवाल्याचं नव्हतं, आमच्या बडेबाबूंचं होतं.

"बडेबाबू, भैरवगढ की चिठ्ठी कहाँ है?"

"नहीं आई." त्यांनी पान चघळत सांगितलं. "तीन दिन से नहीं आई."

"मग शून्य कसं लिहिलं?" घाईत माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्यांना ते समजत असे.

"चिठ्ठी नहीं, तो बीमार नहीं. खाना खाली कैसे छोड़ूँ? भोपालवाले पूछते हैं."

ते वाईट माणूस नव्हते. रिकामी जागा त्यांना खपत नसे, एवढंच. पण मी तशीच उठले. भिंतीकडे पाहिलं. निळी रेघ वाकली होती ती साथ उतरली म्हणून नाही. मोजणारा थांबला म्हणून! मी पेन्सिलनं भैरवगढ वगळून बाकीच्या मोहल्ल्यांची बेरीज केली. रेघ खाली जात नव्हती. अजून चढतच होती.

डॉक्टरसाहेब सापडेनात. मी घरी धावले. शाळा बंद असल्यानं दादा घरीच होते, ओसरीत बसून कुंचले धूत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आता हे म्हणतील, बस झाली नोकरी, असं मला वाटलं होतं.

ते उठले, सायकलीची हवा दाबून पाहिली आणि म्हणाले, "बस मागे. आणि तोंडाला पदर बांध."

भर दुपारी शहराबाहेरच्या रस्त्यानं दादा सायकल हाणत होते आणि मी कॅरिअरवर रजिस्टर छातीशी धरून बसले होते. चढ आला की मी उतरून पळायची, उतार लागला की पुन्हा चढायची. दादांचा सदरा घामानं चिकटला होता. मधेच त्यांनी मागे न बघता विचारलं, "तुझं गणित चुकलं असलं तर?"

"तर चांगलंच की, दादा. पण चुकलेलं नाही."

भैरवगढला शिरताच ते कळलं. हे छिप्यांचं गाव; कापडावर लाकडी ठसे मारून छपाई करणाऱ्यांचं. इथल्या गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी ठसे आपटल्याचा आवाज यायचा आणि नदीकाठी ओल्या रंगीत चादरी पसरलेल्या असायच्या. त्या दिवशी एक आवाज नव्हता. ठसे फळीवर वाळत पडले होते. काठावर एक चादर नाही. दारं मात्र उघडी, आणि आतून खोकल्याचे आवाज.

टीकेवाल्याचं घर विचारत गेलो. म्हातारा खाटेवर पडला होता. चेहरा तांबडा, ओठ कोरडे, श्वास घुसमटत चाललेला. त्याची बायको पायाशी बसून वारा घालत होती. मी कुठून आले ते सांगताच ती उठली, कोनाड्यातून एक पुडी आणली आणि माझ्या हातात दिली.

आत तीन चिठ्ठ्या होत्या. रोजची एक. खाटेवर पडल्यापडल्या, शेजारीपाजाऱ्यांना विचारून त्यानं लिहिलेल्या. पहिलीवरचं अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं, दुसरीवरचं वाकडं, तिसरीवरचं तर ओळखूही येईना. पण प्रत्येक चिठ्ठीत आकडा आदल्या दिवसापेक्षा मोठा होता.

त्यानं डोळे उघडले. "लिखा तो रोज है, बेटी," तो म्हणाला. "ले जानेवाला कोई नहीं था. सब पड़े हैं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच क्षणी आतून काहीतरी उसळलं, त्याला आनंद म्हणायची मला आजही लाज वाटते. त्याचे आकडे हरवले नव्हते. ते माझ्या हातात होते आणि चार वाजायला अजून वेळ होता.

"दादा, घरं मोजायची," मी म्हटलं.

दादांनी खिशातून पेन्सिल काढली. रजिस्टरच्या कोऱ्या पानावर त्यांनी उभ्याउभ्या गल्ल्या काढल्या, घरं काढली, नदी काढली. मग आम्ही दारोदार फिरलो. दादा कडी वाजवायचे नि विचारायचे, "कितने बीमार? साँस किसकी फूल रही है?" मी आत जाऊन मोजायचे, आकडा सांगायचे आणि ते त्या घरावर टिंब द्यायचे. आजाऱ्याला निळं, धाप लागलेल्याला लाल. चित्रकलेच्या मास्तरांच्या खिशात दोन्ही पेन्सिली असायच्याच. जो माणूस माझ्याकडून घरात शिरण्याआधी पाय धुऊन घ्यायचा, तो आता कोणाच्याही उंबऱ्यात वाकून आत बघत होता. एका घरात तर त्यानं स्वतः आत जाऊन म्हातारीला पाणी पाजलं.

टीकेवाल्याचा श्वास ऐकवत नव्हता. नाक्यावर एक टांगा मिळाला. त्यात म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला बसवून दादा स्वतः त्यांच्याबरोबर धर्मशाळेच्या वॉर्डात निघाले आणि सायकल त्यांनी माझ्या हातात दिली.

"येते का चालवायला?"

"मैत्रिणीची चालवली आहे. कंपाउंडात."

"मग आता रस्त्यावर चालव."

नऊवारी असती तर सोपं गेलं असतं, मी होते पाचवारीत. पदर खोचला आणि निघाले. दादांची उंच सायकल, मधे दांडा. दोनदा पडता पडता वाचले. शहरात शिरल्यावर लोक थांबून बघत होते, एकानं ओरडून काहीतरी म्हटलंही. माझं लक्ष नव्हतं. मी चिठ्ठ्यांतले आकडे तोंडानं घोकत होते, न जाणो पुडी पडली तर.

बैठक सुरू झाली होती. दारावरचा शिपाई अडवायला पुढे आला, पण माझा अवतार बघून बाजूलाच झाला. आत टेबलाभोवती पाचसहा जण. टोकाला बसलेल्या साहेबांनी भुवया चढवल्या.

"आप कौन?"

मी पुडी सोडायला लागले. डॉक्टरसाहेब उठले. "हमारे यहाँ गिनती यही करती हैं, सर. इन्हें सुन लीजिए."

मी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. दादांचा नकाशा उघडला. निळी-लाल टिंबं बघायला सगळे पुढे वाकले. मी एवढंच म्हटलं, "साहब, आँकड़ा गिरा नहीं है. गिननेवाला गिरा है."

"और बाकी शहर?"

"चढ रहा है, साहब. आणि इस्पितळाची गर्दी तर आजाराच्या मागून येते. आज जे पडले ते अजून आठवड्यानं तिथं येतील. वॉर्ड आता बंद केला तर ते कुठं जातील?" अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पण सगळ्यांना कळलं.

साहेबांनी नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. लाल टिंबं एकेक करून मोजली. मग म्हणाले, "वॉर्ड रहेगा. और डॉक्टर साहब, आज ही किसी को भैरवगढ़ भेजिए."

डॉक्टरसाहेब स्वतःच गेले, दोन नर्सा आणि औषधांची पेटी घेऊन. नकाशावरच्या लाल टिंबांच्या घरी आधी. बऱ्याच जणांना त्या संध्याकाळीच वॉर्डात आणलं. सगळे वाचले नाहीत. काळी रेघ पुढेही काही दिवस चढली आणि तीही मीच काढली. पण लाल रेघेच्या वेगानं ती कधी चढली नाही. वॉर्डात खाटा होत्या, म्हणून बरेच जण घरी परतले.

दुसऱ्या दिवशी बडेबाबू माझ्याकडे पाठ करूनच बसले. तिसऱ्या दिवशी एका मोहल्ल्याची चिठ्ठी आली नाही, तेव्हा त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. त्या चौकटीत लाल शाईनं मोठी फुली होती. "अब खुश?" ते म्हणाले आणि लगेच एका माणसाला त्या मोहल्ल्यात पिटाळलं.

मग एके सकाळी निळी रेघ पुन्हा वाकली. ह्या वेळी मी नाचले नाही. आधी सगळ्या चिठ्ठ्या मोजल्या, एकही कमी नव्हती. गिरणीत किती जण कामावर परतले ते विचारून आणवलं. वाट पाहून लाल रेघही वाकताना पाहिली आणि मगच डॉक्टरसाहेबांच्या टेबलाशी गेले. "उतरतंय," मी म्हटलं, "खरंच उतरतंय." त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उठून भिंतीशी गेले आणि त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. त्यांची मोठी बहीण त्याच आठवड्यात गेली होती, हे मला फार नंतर कळलं.

तीन महिन्यांची माझी नोकरी पुढे तीस वर्षं चालली. दादांनी पुन्हा कधी हातपाय धुवायला सांगितलं नाही, आणि पुढच्या साथींत नकाशे काढायला ते स्वतःहून येत.

भैरवगढचा टीकेवाला महिन्याभरानं काठी टेकत कचेरीत आला. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. त्यानं दादांचा नकाशा मागितला, खिडकीशी धरून नीट पाहिला आणि म्हणाला, "बेटी, एक गली छोड़ दी तुमने. मस्जिद के पीछेवाली. उसमें भी चार घर हैं."

मी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे धरलं. त्यानं खुर्ची ओढली, शाईत टाक बुडवला आणि ती चार घरं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढली.