पुदिन्याच्या शेतातला जिन्न

"साहब, किसी ने छुआ तक नहीं और पंप चल पड़ा. जिन्न है जिन्न!" शेत राखणाऱ्या रामसेवक भैयांनी फोनवर जाहीर केलं. मी वृंदावन योजना या आमच्या कॉलनीतून स्कूटर काढली ती थेट शहरापलीकडच्या बख्शी का तालाब गावाला.

तिथे कुलकर्णी मॅडमचा पुदिन्याचा प्लॉट आहे. मॅडम मूळच्या वर्ध्याच्या, वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या नव्या वाणाची जगातली सगळी रोपं त्या एका प्लॉटात. पाणी साचलं की मुळं कुजणार आणि वाण संपणार.

पंप इंटरनेटवरून चालवणारी सर्व्हिस माझी. पायथॉन या संगणकभाषेतलं एक हलकंफुलकं फ्रेमवर्क, जेमतेम पानभर कोड. एक लिंक उघडली की पंप चालू, दुसरी उघडली की बंद. मॅडमची अटच होती, "बटण नको, पासवर्ड नको. लिंक उघडली की पाणी!"

भैयांनी पंप हाताने बंद केला होता आणि चर खणून ते पाणी काढत होते. "कल भी यही हुआ. ठीक मैडम के गुड मॉर्निंग के टाइम."

शेजारी उभ्या मॅडम लाजल्या. "अहो, माहेरच्या ग्रुपवर प्लॉटचा फोटो टाकते. काल-आज लिंकही टाकली, जरा मिरवायला. पण दादाला बजावलंय, हात लावायचा नाही!"

"लावला असेल."

"दादाने? त्याला फोटो मोठा करता येत नाही!"

"मग माझ्यासमोर टाका बघू."

मॅडमनी लिंक पेस्ट केली. पाठवायच्या बाणाला अंगठा लागलासुद्धा नव्हता. आणि पलीकडे पंप घुरघुरला!

भैयांनी कान पकडले. माझ्या अंगावर काटा आला, कारण मला जिन्न दिसला होता.

लिंक टाकली की खाली छोटं चित्र येतं ना? त्यासाठी फोन स्वतःच गुपचूप तो पत्ता उघडून बघतो. याला GET म्हणतात, म्हणजे नुसतं विचारणं. काम करवून घ्यायचं तर POST, म्हणजे सांगणं. माझ्या सर्व्हिसला विचारलं तरी ती सांगितल्यासारखी धावत होती. फोनने कुतूहलाने नुसतं डोकावावं आणि शेतात पाण्याचा लोट यावा! पानभर कोडची ही ताकद!

मग पंप बंद केला आणि बांधावर बसून लॅपटॉप उघडला. पंप आता फक्त POST ऐकणार. लिंकवर एक पान, पानावर बटण, ते दाबलं तरच POST.

मॅडमनी पुन्हा लिंक पेस्ट केली. तिघेही श्वास रोखून पंपाकडे बघत राहिलो. पंप गप्प.

रोपं वाचली. मॅडम आता माहेरी बटण मिरवतात. भैया मात्र रोज पंपाला अगरबत्ती लावतात. मी अडवत नाही. जिन्न अजून तिथेच आहे. विचारणं आणि सांगणं यातला फरक तेवढा त्याला शिकवलाय.