पायडलचा डोंगा

“हात गेला, पाय तं हायेत,” हे डोमाजीचं नेहमीचं बोलणं. १९९६ साली हिंगणीच्या या धिवराचा उजवा हात कडबा कापायच्या कुट्टी मशीनीत गेला आणि वल्हं मारणं सुटलं. बायको धुरपतानं डोंगा विकायला गिऱ्हाईक पाहिलं; ते एका दुपारी येणार होतं. डोमाजीनं मात्र तोवर डोंग्यावर सायकलची पायडलं आणि साखळी बसवली, मागं पत्र्याचं चाक लावलं आणि त्याच दिवशी सकाळी बोर धरणात जाळं टाकलं.

जाळं बुडालेल्या खोडात अडकलं. त्यानं पायडलं उलटी मारली, ती नुसतीच फिरली.

“मांगं काऊन येऊन नाई राह्यले?” काठावरून धुरपतानं विचारलं.

“सायकल कधी मांगं जाते का, बाई?”

मग खोडाला सावकाश वळसा घालून त्यानं पलीकडून जाळं सोडवलं, दातांनी आणि डाव्या हातानं. जाळ्यात चांगली रोहू होती.

काठावर येऊन त्यानं टोपली खांद्यावर घेतली.

“गिऱ्हाइकाले काय सांगू?”

“सांगजो, हा डोंगा मांगं येत नाई.”

तो बाजाराच्या वाटेला लागला. धुरपतानं डोंगा ओढून झाडाला पक्का बांधला आणि वळणापर्यंत त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.