पोस्टरवर तोंड माझं, बोलणं दुसऱ्याचं

पोस्टरवर तोंड माझं होतं. खाली लिहिलेलं बोलणं माझं नव्हतं.

रविवारी दुपारी शिफ्टला आलो, दार ढकललं, तर समोरच्या भिंतीवर मीच. हातभर लांब, रंगीत. खाली इंग्लिशमध्ये मोठ्या अक्षरांत: ‘तीस वर्षं काउंटरवर आहे. पहिल्याच मॅचला ओळखलं. यंदा निळी टीम चॅम्पियन. भाव आहे तोवर लावा. वसंत.’

मी शेरिलला विचारलं, “हे काय आहे?”

शेरिल आमची शॉप मॅनेजर. वाईट बाई नाही. म्हणाली, “हेड ऑफिसकडून काल ईमेल आली. सगळ्या शॉप्सनी प्रिंट करून लावायचं. तू सेलिब्रिटी झालास, वस.”

“हे मी बोललोच नाही.”

“तू सही केलीस ना?”

सही केली होती. चौथी शिकलेला माणूस सही पटकन करतो. वाचायला वेळ लागतो म्हणून.

लंडनच्या कडेला, इल्फर्डच्या ज्या बेटिंग शॉपमध्ये मी काम करतो तिथं आता माझ्या आठवड्याला दोनच शिफ्ट आहेत, गुरुवार आणि रविवार. आधी मी सेटलर होतो. लोक घोड्यांवर, कुत्र्यांवर, फुटबॉलवर पैसे लावतात, जिंकल्यावर कुणाला किती द्यायचे ते हिशेबाने काढणारा तो सेटलर. आता मशीन काढतं. तेव्हा माणूस काढायचा. भाव असायचे पावणेतीनास एक, साडेतीनास एक असे, म्हणजे जिंकलं तर एका पौंडावर साडेतीन पौंड. इंग्लिश पोरं कॅल्क्युलेटर शोधायची. मला गावच्या गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे छडी मारून पाठ करून घेतली होती. इथं आल्यावर ज्या फॅक्टरीत लागलो ती बंद पडली तेव्हा त्या छडीवर मला नोकरी लागली. इंग्लिश अजून धड येत नाही, पण हिशेबात माझी चूक कुणी दाखवलेली नाही.

अमेरिकन फुटबॉल माझ्या गळ्यात पडला तो रविवारमुळे. कुणालाच रविवारी काम नको असायचं. मॅच इथल्या संध्याकाळी सहाला सुरू होतात. बघून बघून कळायला लागलं. टीमची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी रंगावरून ओळखतो. निळी, हिरवी, ती जांभळी. गिऱ्हाइकांनाही सवय झाली आहे.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा राग तिच्यावर उभा आहे.

सीझन सप्टेंबरला सुरू होतो. एकेक टीम सतरा मॅच खेळते, आठवड्याला एक, मग बादफेरी. पहिल्या रविवारी एखादी टीम समोरच्याला धू धू धुते. दुसऱ्या दिवशी सगळं जग म्हणतं, हीच चॅम्पियन. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? समोरच्याचा मुख्य खेळाडू लंगडत असतो. नाहीतर चेंडू दोनदा उलटसुलट उडून यांच्याच हातात पडलेला असतो. एका मॅचवरून टीम सांगणं म्हणजे साखरपुड्यात सून ओळखणं. पण लोकांना घाई असते. वाटतं, आज लावलं तर भाव जास्त, पुढच्या आठवड्यात कमी होईल. ही घाई म्हणजे धंद्याचं दूध. आम्ही काउंटरवाले हे सगळं जाणतो आणि गप्प बसतो. मीही बसलो बरीच वर्षं. त्याचं पाप माझ्याकडे आहे, नाही म्हणत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी एक बरणी आणली. सुमनची, माझ्या बायकोची, लोणच्याची चिनी मातीची बरणी. झाकणाचा टवका उडाला म्हणून ती टाकायला निघाली होती. ती मी काउंटरवर ठेवली. नियम असा: पहिल्या रविवारची मॅच संपली की ज्याला जे वाटतं ते त्याने कोऱ्या स्लिपवर लिहायचं आणि बरणीत टाकायचं. पैसे लावायचे नाहीत. पाचव्या आठवड्यानंतर बरणी उघडायची, सगळ्यांसमोर वाचायची, आणि ज्याने सगळ्यात मोठी थाप मारली त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

हे केलं डेस्मंडसाठी. डेस्मंड बस गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, आता रिटायर. मूळचा बार्बेडोसचा. दर सप्टेंबरला पहिल्या मॅचनंतर त्याच्या अंगात यायचं, होते तेवढे पैसे लावून बसायचा आणि पुढचे दोन महिने तो टोस्टवर काढायचा. बरणी आल्यापासून पाचव्या आठवड्याच्या आत त्याने या खेळावर एक पेनी लावली नाही. मला म्हणायचा, “वस, तुझी ती बरणी माझ्या डॉक्टरपेक्षा बरी.”

यंदा त्याच्या बहिणीला ऐंशी पुरी होणार होती. अकरा वर्षं भेट नाही. विमानाच्या तिकिटासाठी तो उन्हाळाभर पाकिटात पैसे टाकत होता, आणि पाकिटाची बातमी मला दर गुरुवारी देत होता.

आता निखिलचं सांगतो. हा मूळ पुण्याचा मुलगा, व्हिसावर आलेला, ब्रॅकनेलच्या आमच्या हेड ऑफिसात बसतो. पोस्टर दिसलं तो सीझनचा दुसरा रविवार, त्याच्या आधीच्या गुरुवारी टॅब्लेट घेऊन शॉपमध्ये आला. मराठी ऐकून मलाच बरं वाटलं. घरी आता मराठी बोलायला कोणी नाही.

“काका, फर्स्ट वीकची इम्प्रेशन्स हवी आहेत. ऑथेंटिक माणसाची. कोणती टीम स्ट्राँग वाटली?”

मी म्हणालो, “निळी बघायला छान खेळली. पण एका मॅचवरून काय कळतंय डोंबल? चार-पाच आठवडे थांब, मग विचार.”

“सुपर, काका. इथे एक साइन करा. फोटो आहे ना तुमचा आमच्याकडे?”

फोटो त्यांच्याकडे होता. गेल्या ख्रिसमसच्या आधीचा. तेव्हा सुमन शॉपमध्ये आली होती, सगळ्या जन्मात एकदाच. तिला हा धंदा आवडायचा नाही, पण स्टाफ लंच होतं आणि शेरिलला तिच्या हातचे बटाटेवडे हवे होते. शेरिलने काउंटरपुढे आमचा दोघांचा फोटो काढला. मार्चमध्ये सुमन गेली.

तर त्या पोस्टरवर मी तो फोटो बघत होतो. सुमनला कापून टाकली होती. पण नीट कापायलाही कुणाला वेळ नव्हता. माझ्या कोटाच्या बाहीवर तिची चार बोटं राहिली होती, आणि दोन हिरव्या बांगड्या. बाकी माणूस नाही. नुसती बोटं. आणि खाली: भाव आहे तोवर लावा.

मला शिवी आली. मराठीत दिली.

तेवढ्यात दार उघडलं आणि डेस्मंड आला. इस्त्रीचा शर्ट. हातात ते पाकीट. त्याने स्लिप लिहूनच आणली होती. निळी टीम, सीझनची चॅम्पियन. याला आमच्यात आउटराइट म्हणतात, म्हणजे एका मॅचवर नाही, सगळ्या सीझनवर लावायचं. पैसे फेब्रुवारीपर्यंत अडकले.

मी विचारलं, “हे काय, डेस्मंड? बरणीचा नियम?”

“नियम तूच मोडलास की.” त्याने पोस्टरकडे बोट केलं. “काल बघितलं. म्हटलं, वस तीस वर्षांत कधी बोलला नाही, आता बोलतोय म्हणजे काहीतरी असणार. बहिणीकडे फर्स्ट क्लासने जातो.”

“ते मी लिहिलेलं नाही.”

“तुझं थोबाड आहे.”

“थोबाड माझं आहे. बोलणं ऑफिसचं आहे.”

“म्हणजे तू स्वतः लावणार आहेस, आणि आम्ही लावून भाव पाडू नये म्हणून अडवतोयस. मला मूर्ख समजतोस?”

मी स्लिप त्याच्याकडे परत सरकवली. “मी हे घेत नाही.”

शेरिल मागून हळूच म्हणाली, “वस, बेट घे. कॅमेरा आहे.”

“कॅमेऱ्याला दिसू दे.”

डेस्मंडने पाकीट काउंटरवर आपटलं. “तू मला नाही म्हणतोस? समोर दुसरं शॉप आहे. तिकडे जाईन.”

“जा. तिथं माझा फोटो नाही.”

तो गेला. दार आपटलं. मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि पोस्टर काढलं. काढलं म्हणजे फाडलं. बोटांचा भाग मात्र फाटू दिला नाही, तो घडी करून खिशात ठेवला. शेरिल म्हणाली, “मला हे रिपोर्ट करावं लागेल.” मी म्हणालो, “कर. स्पेलिंग नीट लिही माझं.”

त्या संध्याकाळी निळी टीम जिंकली. दणदणीत. शॉपमधले दोघे-तिघे माझ्याकडे बघून हसले. पुढच्या रविवारीही जिंकली. डेस्मंड फिरकला नाही. त्याने समोर जाऊन लावले का, मला कळायला मार्ग नव्हता. रस्त्यात दिसला तर त्याने मान फिरवली.

मग ब्रॅकनेलला बोलावणं आलं. डिसिप्लिनरी मीटिंग. ट्रेन बदलत गेलो. काचेची खोली, पाण्याची बाटली, एचआरची बाई, आणि कोपऱ्यात निखिल, खाली मान घालून.

बाई म्हणाली, “तुम्ही कंपनीचं मटेरियल डॅमेज केलंत आणि ग्राहकाला सर्व्हिस नाकारलीत. तुमचं काय म्हणणं आहे?”

मी म्हणालो, “याच्या टॅब्लेटमध्ये मी काय बोललो ते लिहिलेलं असेल. त्याला मोठ्याने वाचू द्या.”

निखिल म्हणाला, “काका, त्याची गरज आहे का?”

“आहे. वाच.”

त्याने वाचलं. प्रामाणिकपणे सगळं लिहून घेतलं होतं पोराने, मराठीतच. ‘बघायला छान. एका मॅचवरून कळत नाही. चार-पाच आठवडे थांब.’ डोंबलसुद्धा होतं.

“आता बाईंना इंग्लिशमध्ये सांग.”

त्याने सांगितलं. बाईने पोस्टरची कॉपी पुढे ओढली, दोन्ही ताडून बघितली. मग तिने पेन खाली ठेवलं.

“हे कुणी बदललं?”

निखिल म्हणाला, “टेम्प्लेट आहे. इम्प्रेशन पॉझिटिव्ह आणि अर्जंट असलं पाहिजे असं ब्रीफ होतं. थांबा म्हटलं तर कुणी लावणार नाही.”

मी म्हणालो, “मग तुमचा फोटो लावा ना. तुमचं शिक्षण जास्त आहे. माझा कशाला? लोक माझ्यावर विश्वास ठेवतात म्हणूनच ना? तो विश्वास मी तीस वर्षं गप्प बसून कमावला. तुम्ही तो एका दुपारी विकायला काढलात, आणि मला विचारलंही नाही.”

हे मी इंग्लिशमध्ये बोललो. मोडकं असेल. पण कुणी “पार्डन” म्हटलं नाही.

निकाल असा: पोस्टर सगळ्या शॉप्समधून काढलं. मला ते फाडल्याबद्दल रिटन वॉर्निंग. बेट नाकारल्याबद्दल काही नाही. ज्याने ब्रीफ लिहिलं त्या साहेबाचं नाव मीटिंगमध्ये कुणी घेतलं नाही. ते कधीच घेत नाहीत.

निखिल लिफ्टपर्यंत आला. “काका, सॉरी. काकू पण चिडल्या असतील ना पोस्टर बघून?”

मी खिशातली घडी काढून त्याला दाखवली. “ही बोटं तिची. मार्चमध्ये गेली ती.”

पोराचं तोंड उतरलं. “मला वाटलं स्टाफपैकी कुणाचा तरी हात आहे.”

“वाटलं. तुम्हा लोकांना पहिल्या नजरेत फार वाटतं.”

पाचवा आठवडा झाला. गुरुवारी बरणी उघडायची होती. पाच-सहा जण जमले. डेस्मंडही आला. माझ्याशी बोलला नाही, रेडिएटरला टेकून उभा राहिला. एव्हाना निळी टीम पहिल्या तीन जिंकून पुढच्या दोन्ही हरली होती. चॅम्पियन नाही, कचराही नाही. मधलीच.

शेरिल एकेक स्लिप वाचत होती. लोक हसत होते. मग तिने एक उघडली आणि थांबली. अक्षर डेस्मंडचं. पहिल्या रविवारी, मॅच बघून, स्वतःच्या हाताने लिहिलेलं: ‘निळी टीम. नशिबाने जिंकली. एक पौंड लावणार नाही.’

तिने तेही मोठ्याने वाचलं. डेस्मंडने पुढे येऊन ती स्लिप हातात घेतली.

“हे मी लिहिलं होतं?”

“तूच.”

“आणि तुझा फोटो बघून विसरलो.”

“ते तुझं तू बघ. समोर गेला होतास?”

“रस्त्याच्या मधल्या आयलंडपर्यंत गेलो. तू म्हणालास ना, तिथं माझा फोटो नाही. मग लावायचं कुणाच्या भरवशावर?” त्याने नाक शिंकरलं. “बस पकडून घरी गेलो. सोमवारी तिकीट काढलं. अजून तुझ्यावर राग आहे.”

“असू दे. चहा तू पाजायचास.”

“मी का? मी बरोबर होतो!”

“दोन आठवडे बरोबर, तीन आठवडे चूक. शेरिल, याला चहाचे पैसे काढायला सांग.”

डेस्मंड गेला बहिणीकडे. निखिलने पोस्टाने अख्खा फोटो पाठवला, फ्रेम करून, सुमनसकट. तो आता बाहेरच्या खोलीत आहे. पोस्टरची घडीही फेकलेली नाही.

यातून कुणाला काही शिकायचं असेल तर एवढं शिकावं. फोटो बोलत नाही. कुणी म्हणालं बोलतो, तर समजावं, मागून दुसराच कुणीतरी बोलतोय आणि त्याला काहीतरी विकायचं आहे. हे मी खात्रीने सांगतो. माझ्या घरी एक फोटो आहे. मी रोज सकाळी त्याला चहा ठेवू का म्हणून विचारतो.