दाऊदभाईंची पंधरा मिनिटं

दाऊदभाई गेल्याचं मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोनवरच्या मेसेजमधून कळलं. कतारमधल्या मेसईदच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत असतानाच हार्ट अटॅक आला. मीटिंग संपेपर्यंत मी मान डोलावत बसलो... आणि आठवलं ते त्यांचं भाषण. जे मी होऊ दिलं नव्हतं.

हा रत्नागिरीकडचा माणूस सुट्टीच्या दिवशी अमेरिकेचा जुना इतिहास वाचायचा. तोही राष्ट्राध्यक्षांचा नव्हे. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा आपल्याकडची काही माणसं जहाजांतून तिथे पोचली होती, करारावरचे नोकर म्हणून. त्यातलं कोणी पळून गेलं की मालक पेपरात जाहिरात द्यायचा. अशा जाहिराती दाऊदभाई इंटरनेटवर शोधत आणि भेटेल त्याला ऐकवत. आम्ही आयटीवाले त्यांना 'प्रोफेसर' म्हणून चिडवायचो. तेही हसायचे.

गेल्या दिवाळीत दोह्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. "साहेब, पंधरा मिनिटं द्या, बास," माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस म्हणाला. मी दिली. मग मुलांच्या नाचामागे ढकलली, मग गाण्यांमागे. तेवढ्यात जेवण आलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कागद धरून ते स्टेजच्या पायऱ्यांशी उभे होते.

"दाऊदभाई, पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि चक्क पुऱ्या वाढायला गेले. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आता लाज वाटते.

ते गेल्यावर महिनाभराने, मागच्या शुक्रवारी, मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांच्या खोलीत राहणारा रायगडचा रफिक त्यांचं सामान बांधत होता. कपाटाच्या दाराला आतून त्या भाषणाचे कागद चिकटवलेले होते. पळालेल्या एका नोकराच्या कोटाचा रंग, बटणं, चालण्याची ढब, सगळं मालकाने जाहिरातीत कसं बारकाईने लिहिलंय ते दाऊदभाईंनी त्यात सांगितलं होतं. पुढे लाल पेनने स्वतःसाठी सूचना होती : 'इथे लोक हसतील. थांबायचं.' आणि त्याखाली शेवटची ओळ, 'एवढं सगळं लिहिलं, पण त्याचं गाव कुठलं, ते कोणी विचारलं नाही.'



"रफिक, दाऊदभाईंचं गाव कुठलं रे?"

त्याने टेप लावता लावता वर पाहिलं. "तुम्हाला ठाऊक नाही?"

सहा वर्षांची ओळख होती आमची.